प्लायवूडची चौकी

काळेवाडीत आमच्या कोपऱ्यावर पोलीस चौकी होती आणि पोलिसांनाच ती माहीत नव्हती. हसू नका, जवळजवळ नऊ महिने होती. निळा-पिवळा पट्टा, वर लाल-निळा दिवा, खिडकीत टेबल, टेबलावर रजिस्टर आणि रजिस्टरमागं खाकी शर्टातला सयाजी. बांधली त्यानं, राखली त्यानं, आणि तिच्यापायी आयुष्यातनं उठला तोही तोच. बोर्ड तेवढा माझा होता. कोपऱ्यावर माझं फ्लेक्सचं दुकान आहे, शिवाय मी मंडळाचा सेक्रेटरी. त्यामुळं मला सगळं पहिल्यापासून माहीत आहे. लोक माझ्या पाठीमागं काय बोलतात तेही माहीत आहे. बोलू देत, कुणाच्या तोंडाला हात लावणार?

सयाजी परभणीकडचा, जिंतूर तालुक्यातला. वय पंचेचाळीसच्या आसपास. चाकणला एका शेडमध्ये पॅकिंगची खोकी ठोकायचा. मशीनचे पार्ट परदेशात जातात ना, त्यांची लाकडी खोकी. बायको कधीच सोडून गेलेली, मूलबाळ नाही. आमच्या मंडळाचे अध्यक्ष उद्धवराव, त्यांच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत तो पंधरा वर्षं राहिला. या पंधरा वर्षांत गल्लीत त्याला कुणी नावानं हाक मारली असेल तर शपथ. ‘ए खोकेवाला’ म्हटलं की मान हलवायचा आणि पुढं जायचा. असल्या माणसाला चिडवायला मजा येते, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी गणपतीत आम्ही जिवंत देखावा करायचं ठरवलं. विषय फोनवरच्या फसवणुकीचा. एका आजोबांना व्हिडिओ कॉलवर तोतया इन्स्पेक्टर धमकावतो, आजोबा घाबरून सगळं द्यायला निघतात, तेवढ्यात शेजारच्या चौकीतला हवालदार येऊन त्यांना वाचवतो. आता देखाव्यातली चौकी म्हणजे काय, चार बांबू, कापड आणि थर्माकोल. सयाजीला फक्त सांगाडा ठोकायला सांगितला होता. गडी टेप घेऊन खऱ्या चौकीवर गेला आणि बाहेरून मापं घ्यायला लागला. तिथल्या शिपायानं हाकललं तेव्हा अर्धी मापं डोक्यात ठेवून परत आला. आठ बाय सहाची, साडेसात फूट उंच चौकी उभी केली त्यानं. पाइनच्या चौकटी, बारा एमएमचं प्लाय, सांध्या-सांध्याला स्क्रू. खिळा औषधालाही नाही.

‘‘अरे दहा दिवसांसाठी एवढं कशाला?’’ मी विचारलं.

‘‘खोकं समुद्रातून जातं ना भाऊ. पाणी आत गेलं की पार्ट वापस येतो अन् बोलणी मला बसतात. मला दुसऱ्या तऱ्हेनं ठोकायला येतच न्हाई.’’

हवालदार होणारा पोरगा ऐनवेळी सेकंड शिफ्टला अडकला. सयाजी उंच होता, मिशी होती, म्हणून खाकी त्याच्या अंगावर चढवली. वाक्य एकच होतं: ‘आजोबा, फोन ठेवा, खरा पोलीस फोनवर अटक करत नाही.’ पहिल्या दिवशी ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही. चौथ्या दिवसापासून मात्र असा काही आवाज लागला की रस्त्यावरच्या रिक्षा थांबायला लागल्या. त्या वर्षी आमच्या देखाव्याला दुसरा नंबर मिळाला.

विसर्जन झालं, मांडव उतरला. चौकी उतरवायची तर उद्धवराव म्हणाले, ‘‘राहू द्या तितंच. त्या डीपीमागं दारू प्यायला बसनारी पोरं दहा दिसांत गायब झाली का न्हाई? मग? कुनाचं काय जातंय!’’ बायकांनाही पटलं. संध्याकाळी त्या कोपऱ्यावरून गळ्यात सोनं घालून जाता यायला लागलं. चौकी राहिली.

राहिली खरी, पण प्लायवूड उघड्यावर ठेवून बघा म्हणजे कळेल. आठ दिवसांत त्याचे पापुद्रे सुटतात. सयाजीनं चौकी जॅकवर उचलून खाली विटा घातल्या, तळाला डांबर फासलं, छपरावर पत्रा चढवून त्याला पन्हळ लावली, खिडकीला रबराची पट्टी बसवली. दर रविवारी घासकागद, पुट्टी, प्रायमर, रंग. कंपनीतून आला की आधी चौकीला एक प्रदक्षिणा घालायचा, सांध्यांवर बोट फिरवत, आणि मग खोलीवर जायचा. खिडकीत बसवायला आम्ही बंद पडलेल्या कपड्याच्या दुकानातला पुतळा आणला होता. उन्हानं त्याचं नाक गेलं आणि शाळेतली पोरं त्याला बघून किंचाळायला लागली. मग सयाजीच बसायला लागला, संध्याकाळी दोन तास आणि रविवारी सकाळी.

आमच्याकडं अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलतो. दिवाळीनंतर अर्धी गल्ली नवी होती. त्यांना काय माहीत देखावा नि बिखावा! ते नमस्कार करायचे, पत्ता विचारायचे, भांडणं घेऊन यायचे. सयाजी आधी सांगायचा की मी पोलीस नाही, राखणदार आहे. कुणी ऐकून घेईना. नंतर सांगायचं सोडलं त्यानं. खरा अर्ज असला की खऱ्या ठाण्याचा रस्ता दाखवायचा, आणि सासू-सुनेचं असलं की ऐकून घ्यायचा. लोक त्याला साहेब म्हणायला लागले. आम्ही जुने लोक टपरीवरून कडक सॅल्यूट ठोकायचो आणि चहा नाकातून बाहेर येईपर्यंत हसायचो. तोही हसायचा. त्याला काय, तेवढंच.

जानेवारीत अंबूबाई आली. बार्शीकडची, पासष्टीची, उद्धवरावांच्याच दुसऱ्या चाळीत मुलाबरोबर नव्यानं आलेली. मुलगा ज्ञानेश, चाकणच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा. बाहेर गोगलगाय, घरात आला की आईला मारायचा. भाजीत मीठ जास्त पडलं, मारलं. चार्जर सापडला नाही, मारलं. म्हातारी खिडकीपाशी आली, पदर बाजूला केला आणि मानेवरचे वळ दाखवले. मी दुकानातून बघत होतो.

‘‘सायेब, माजं ल्येकरू मला मारतंया. मोठ्या ठेसनात गेलते, तर त्या ल्येकरानंच येऊन मला घरी न्येलं. वर आनि मारलं. तुमी लिवून घ्या.’’

‘‘आजी, मी तसला पोलीस न्हाई हो.’’

‘‘कसला का आसंना. लिवून घ्या.’’

त्यानं देखाव्यातलं रजिस्टर उघडलं आणि लिहून घेतलं. तिचा अंगठा घेतला. दुसऱ्या दिवशी खाकी घालून ज्ञानेशच्या दारात उभा राहिला आणि देखाव्यातल्या त्याच आवाजात म्हणाला, ‘‘तुझ्या नावानं तक्रार आहे. दर रविवारी दहाला चौकीत यायचं आणि सही करायची. एक रविवार चुकला किंवा म्हातारीच्या अंगावर एक वळ दिसला, तर थेट आत.’’

आणि काय सांगू, रविवारी दहाला ज्ञानेश अंघोळ करून, भांग पाडून हजर! हात मागं बांधून उभा. सयाजीनं रजिस्टर पुढं सरकवलं, त्यानं सही केली. पुढच्या रविवारी परत, त्याच्या पुढच्यालाही. मार थांबला. म्हातारी अंगणात बसून शेजारणींशी बोलायला लागली. एकदा तर तिला हसताना पाहिलं मी. कुणालाही न जमलेलं काम प्लायवूडच्या खोक्यानं केलं होतं.

तेव्हापासून सयाजीचं त्या चौकीपायी डोकं फिरलं. आधी हौस होती, आता धास्ती. कुठं टवका निघाला, कुठं स्क्रूचं डोकं गंजलं, बघत बसायचा. एक दिवस दुकानात आला आणि म्हणाला, ‘‘भाऊ, ज्ञानेशनं एकदा जरी फटीत बोट घातलं ना, म्हातारीचं काही खरं न्हाई. रविवारी तेवढं सॅल्यूट मारून हसू नका. खोकेवाला म्हणू नका. तुमच्या पाया पडतो.’’ आणि खरंच वाकला. मी म्हटलं, ‘‘अरे, आम्ही काय राक्षस आहोत का?’’

मे महिन्यात वळवाचे दोन-तीन फटके बसले आणि मागचा खालचा कोपरा फुगला. सयाजीनं शनिवारची सुट्टी टाकली, कुजका तुकडा कापून काढला, नवा बसवला, पुट्टी भरली, रंग मारला. हवा दमट, रंग वाळेना. रविवारी ज्ञानेश आला तो नेमका त्याच कोपऱ्याला टेकायला गेला. मी दुकानातून बघत होतो.

‘‘लांब उभा राहा!’’ सयाजी खेकसला. ‘‘सरकारी रंगकाम चालू आहे.’’

‘‘सॉरी साहेब,’’ म्हणत ज्ञानेश बाजूला झाला. बाहीला निळा डाग पडला होता तो त्यानं गपचूप पुसला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. त्याच वेळी माझी स्कूटर चौकीच्या दारात उभी होती आणि मला हसू आवरत नव्हतं. सयाजीनं माझ्याकडं बघितलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी. आणि हा माणूस, पंधरा वर्षं माझ्यासमोर मान वर न केलेला, मला म्हणतो, ‘‘ओ, हसताय काय? गाडी बाजूला घ्या. चौकीसमोर लावायची नाही.’’

मी गाडी बाजूला घेतली. घ्यावीच लागली, ज्ञानेश बघत होता. पण डोक्यात जाळ झाला माझ्या. खोकी ठोकणारा माणूस, आम्ही अंगावर चढवलेली खाकी, मी छापलेला बोर्ड, आणि मलाच गाडी हलवायला सांगतो? संध्याकाळी वडापाव घेऊन माफी मागायला आला. म्हणाला, ज्ञानेशसमोर करावं लागलं, मनात ठेवू नका. मी वडापाव खाल्ला आणि म्हटलं, ‘‘छे रे, मनात कसलं?’’

मनात होतं. पुढच्याच रविवारी एक जून होता. गावाकडच्या सयाजीच्या वयाच्या माणसाचा वाढदिवस विचारायची गरज नसते. मास्तरांनी शाळेत घालताना सगळ्यांची तारीख एक जूनच लिहिलेली असते. आणि वाढदिवस म्हटलं की आमच्या भागात फ्लेक्स लागलाच पाहिजे. मी दहा बाय आठचा छापला. एका बाजूला देखाव्यातला खाकीतला सयाजी, दुसऱ्या बाजूला शेडमध्ये खोकं ठोकणारा सयाजी. मजकूर माझाच: ‘प्लायवूड पोलीस ठाण्याचे कर्तव्यदक्ष वरिष्ठ निरीक्षक, गणपती देखावा फेम, मा. सयाजीराव खोकेवाले साहेब यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. शुभेच्छुक: समस्त मंडळ.’ सकाळी नऊला चौकीच्या छपरावर चढवला. केक आणला. वीसेक जण जमले, पोटं धरून हसत होते.

ज्ञानेश दहाला येतो हे मला माहीत होतं का? होतं.

सयाजी साडेनऊला आला. इस्त्रीची खाकी, कपाळाला गंध. फ्लेक्स बघितला. स्टूल ओढून वर चढायला लागला, फ्लेक्स काढायला. पोरांनी पाय धरून खाली ओढला. ‘‘आधी केक, साहेब, आधी केक!’’ सगळ्यांना वाटलं, लाजतोय. त्यानं माझा दंड धरला आणि हळूच म्हणाला, ‘‘दहा वाजायलेत, भाऊ. कामून करायलात आसं? म्हातारीला मारून टाकील तो. हात जोडतो, उतरवा.’’ मी केकचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. टाळ्या वाजल्या.

तेवढ्यात ज्ञानेश आला. भांग पाडलेला, हात मागं. गर्दी बघून थबकला, वर बघितलं आणि एकेक शब्द लावत फ्लेक्स वाचला. परत पहिल्यापासून वाचला. मग पुढं होऊन चौकीच्या भिंतीवर बोटांनी टकटक केलं.

‘‘प्लाय हाय व्हय हे?’’

‘‘बारा एमएम!’’ मी म्हणालो. सगळे खदखदून हसले.

तोही हसला. आत वाकून त्यानं रजिस्टर उचललं आणि आपल्या सह्या चाळल्या. एकवीस होत्या. रजिस्टर नीट जागेवर ठेवलं, केकचा मोठा गोळा हातात घेतला आणि सयाजीच्या तोंडावर फासला. डोळ्यांत, मिशीत, नाकात. ‘‘हॅप्पी बड्डे, साहेब,’’ म्हणाला आणि घराकडं निघाला. धावत नाही, चालत.

सयाजीला दिसत नव्हतं. डोळे चोळत, चाचपडत तो त्याच्या मागं निघाला आणि आम्ही त्याला धरला. फोटो राहिले होते ना! ‘‘सोडा, सोडा मला,’’ तो ओरडत होता आणि आम्ही त्याच्या गळ्यात हार घालत होतो. मी स्वतः त्याच्या खांद्यावर हात टाकून तीन सेल्फी काढले. दहा मिनिटं गेली असतील. अजून माझ्या फोनमध्ये आहेत ते. सयाजी रडतोय असं स्पष्ट दिसतं, पण तेव्हा सगळ्यांना तो केकच वाटला.

सुटला तसा पळाला. आम्हीही मागं गेलो, अर्धे अजून हसत. ज्ञानेशच्या खोलीचा लोखंडी दरवाजा आतून बंद. सयाजीनं दोन्ही हातांनी बडवला. ‘‘दार उघड! पोलीस!’’

आतून आवाज आला, ‘‘कोन? खोकेवाला का?’’ आणि मग म्हातारीचा आवाज. तो कसला होता ते मी सांगत नाही.

हसणं बंद झालं. सयाजी दाराला खांदा मारत राहिला. खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून बिजागरीत घातला तर पातं मोडलं. मागं वळून ओरडला, ‘‘अरे हात लावा कुणीतरी! फोन करा!’’ आम्ही वीस जण होतो. घरातलं भांडण, मध्ये कसं पडायचं, असं कुणीतरी म्हणालं. मीच म्हणालो असेन. फोन शेवटी शेजारच्या एका बाईनं केला. खरे पोलीस आले तेव्हा त्यांना काय दिसलं? तोंडाला केक फासलेला, गळ्यात हार घातलेला, खाकीतला एक माणूस दार फोडतोय. त्यांनी आधी त्याची गचांडी धरली. दार त्यानंतर उघडलं.

अंबूबाई वाचली. उजवा हात दोन ठिकाणी मोडला, खुबा गेला, समोरचे दात गेले. ज्ञानेश म्हणाला, बाथरूममध्ये घसरली. आणि म्हणाला, या तोतयानं मला पाच महिने नाचवलं, याच्यावर केस करा.

चौकशी सुरू झाली तसे उद्धवराव अंग झाडून मोकळे झाले. ‘‘मंडळाचा काय संबंध? देखावा दहा दिसांचा व्हता. नंतर त्यो मानूस सोताच्या मनानं बसत व्हता.’’ मला बोर्डाबद्दल विचारलं. मी म्हणालो, त्यानं नाटकाला पाहिजे म्हणून सांगितलं, मी छापून दिला. सयाजी समोरच बसला होता, बाकड्यावर. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही आहे. लाज वाटली का? वाटली. म्हणून सही थांबवली का? नाही थांबवली.

चौकी न्यायला जेसीबी आणला. बकेटनं उचलली तर अख्खी उचलली गेली, एक सांधा हलला नाही. इन्स्पेक्टर चारही बाजूंनी फिरून बघत म्हणाले, ‘‘काय पक्कं काम केलंय लेकानं.’’ सयाजीवर तोतयेगिरीची केस झाली, कंपनीतली जागा गेली, उद्धवरावांनी खोली काढून घेतली. जामिनाला कुणी उभं राहिलं नाही. मी तरी कशाला राहू?

अंबूबाईचा जबाब पंधरा दिवसांनी झाला. ज्ञानेशनं तिला रिक्षातून आणलं आणि उचलून खुर्चीवर ठेवलं. मागं तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, सेवाभावी लेकासारखा.

‘‘आजी, कशानं लागलं?’’ साहेबांनी विचारलं.

‘‘पडले.’’

‘‘मुलगा मारतो का?’’

खांद्यावरचा हात हलला नाही. ‘‘न्हाई. ग्वाड हाय माजं ल्येकरू.’’

‘‘आणि त्या सयाजीनं पोलीस असल्याचं सांगून तुमची फसवणूक केली, बरोबर?’’

‘‘व्हय,’’ ती म्हणाली. साहेबांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. खाली मी सही केली.

ज्ञानेश रिक्षा बोलवायला बाहेर गेला. साहेबांना फोन आला म्हणून तेही उठले. खोलीत आम्ही दोघंच उरलो. म्हातारीनं डाव्या हातानं माझी बाही धरली आणि जवळ ओढलं. दात नसल्यानं तिचं बोलणं नीट कळत नव्हतं, मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

‘‘शेक्रेटरी, आता रईवारी त्येची सही कोन घेनार?’’

मी बाही सोडवून घेतली आणि म्हटलं, ‘‘चला आजी, रिक्षा आलीय.’’